मूर्ती आणि माणूस : एका हिब्रू शब्दाचा नगरी मागोवा

नेवासे तालुक्यात देव तीन तऱ्हांनी भेटतो. शनिशिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा उभी आहे. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, वर छप्पर नाही. भक्त तिच्यावर तेल ओततात. खुद्द नेवाशात, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 म्हणजे 1290 साली गीतेचे निरूपण केले असे वारकरी मानतात, तो पैस खांब आहे. ती कुणा देवाची मूर्ती नव्हे, लेख कोरलेला दगडी खांब. पण लोक त्याच्यासमोर माथा टेकतात. आणि वडाळा बहिरोबाला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने ठाणे केले. तिथल्या उपासनामंदिरात शिळा नाही, खांब नाही. समोर असते ते एक पुस्तक.

त्या पुस्तकाने मूर्तीबद्दल नेमके काय म्हटले आहे, हा प्रश्न या जिल्ह्यात जवळजवळ दोनशे वर्षे चर्चेत आहे. 1831च्या अखेरीस अमेरिकन मिशनरी अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कायमचे राहायला आले. 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक इथूनच सुरू झाले. तेव्हापासून एक बाजू सांगत आली की दगड हा देव नव्हे. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे उत्तर देत आली की दगडाला देव आम्हीही मानत नाही, आम्ही दगडात देवाला बोलावतो. वाद तिथेच अडला. दोन्ही बाजूंची जुनी-नवी मांडणी वाचताना मला सारखे जाणवते की ज्या हिब्रू शब्दाने हा वाद पुढे सरकला असता, तो मराठी वाचकाच्या नजरेसमोर कधी एकसंध आलाच नाही. तो शब्द त्सेलेम. त्याच्याकडे जाण्याआधी बाकीच्या शब्दांची ओळख करून घ्यावी लागते, कारण हिब्रू शास्त्रात मूर्तीला एक नाव नाही, डझनभर नावे आहेत, आणि मराठीत त्यांतली बहुतेक ‘मूर्ती’ या एकाच शब्दात बुडून गेली.

दहा आज्ञांमध्ये येणारा शब्द आहे पेसेल. मराठी पवित्र शास्त्रात त्याला ‘कोरीव मूर्ती’ म्हटले आहे आणि ते अगदी बरोबर आहे. हिब्रूत हा धातू पाथरवटाच्या कामाचा आहे : दगड घडणे, तासणे. तोच धातू निर्गमाच्या 34व्या अध्यायात येतो, आणि तिथे देव मोशेला सांगतो की पहिल्या पाट्या फुटल्या, आता तू तशाच दोन दगडी पाट्या घड. मूर्ती घडू नको, आणि आज्ञा लिहायला पाट्या घड, क्रियापद एकच. शलमोनाच्या मंदिराचे चिरे घडतानाही तेच. म्हणजे दगडाला हातोडा लागला हे पाप नव्हे. छिन्नी काय घडवते आणि कशासाठी घडवते, हा प्रश्न आहे.

तरी एका ठिकाणी खुद्द छिन्नीलाच मज्जाव आहे. निर्गमाच्या 20व्या अध्यायात, आज्ञा संपताच, सांगितले आहे की माझ्यासाठी दगडांची वेदी बांधशील तर घडीव चिऱ्यांची बांधू नको. हत्यार लागले की ती भ्रष्ट होते. आपल्याकडे म्हण आहे की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. वेदीपुरती हिब्रू शास्त्राची धारणा याच्या नेमकी उलट आहे : टाकीचा घाव बसला की त्या दगडाचे देवाच्या कामाला येणे संपले. पण मग शिंगणापूरची शिळा आठवते. तिच्यावर टाकी चालली नाही आणि भक्तांची श्रद्धा तर हीच की ती स्वयंभू आहे. हिब्रूत अशा उभ्या, अनघड दगडाला मत्सेवा म्हणतात. याकोब घर सोडून निघाला, वाटेत धोंडा उशाला घेऊन निजला, स्वप्नात देवाला पाहिले, आणि सकाळी उठून त्याने तो धोंडा उभा केला व त्याच्यावर तेल ओतले. त्या जागेचे नाव बेथेल, देवाचे घर. उत्पत्तीच्या 28व्या अध्यायातला हा प्रसंग नगर जिल्ह्यातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पुढे अनुवाद या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात असे दगड उभारायला बंदी आली, आणि इस्राएलच्या इतिहासात हा पालट कसा व का झाला यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. उत्खननांतही असे दगड सापडले आहेत. अरादच्या किल्ल्यातल्या देवळात तर थेट गाभाऱ्यात. तेव्हा मिशनरी प्रवचनांतून उभे राहते तसे हिब्रू लोकांचे चित्र, की ते पहिल्या दिवसापासून दगडाला हात न लावणारे होते, पुराव्याला धरून नाही. सिनायच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूद इथे 1975-76 साली मिळालेल्या, इसवी सनापूर्वी आठशेच्या सुमाराच्या लेखांत तर इस्राएलच्या देवाचे, याहवेचे, नाव ‘त्याच्या अशेरा’सोबत, म्हणजे देवी किंवा तिच्या चिन्हासोबत, येते. मूर्तीविरोध हा लोकांच्या अंगवळणी पडलेला रिवाज नव्हता. संदेष्ट्यांनी आपल्याच माणसांशी शतकानुशतके भांडून तो मिळवला.

त्या भांडणात शब्द धारदार होत गेले. यहेज्केलाचा आवडता शब्द गिल्लुलीम. संपूर्ण हिब्रू शास्त्रात तो 48 वेळा येतो, त्यांतल्या 39 वेळा एकट्या यहेज्केलात. त्यात विष्ठेच्या गोळ्यांची छटा आहे, आणि अनुवादक ती नेहमीच झाकत आले. यिर्मयाचा शब्द हेवेल, म्हणजे श्वासाची वाफ, क्षणात विरणारी. पोकळाच्या मागे लागलात आणि स्वतःच पोकळ झालात, असा त्याचा ठपका आहे. लेवीय आणि स्तोत्रांतला शब्द एलील. त्याचा उच्चार एलोहीम या देववाचक शब्दाच्या इतका जवळ आहे की ऐकणाऱ्याला कोटी चटकन कळावी. एलील म्हणजे कुचकामी, ज्याच्याने काही होत नाही असे. आणि हा शब्द फक्त मूर्तीसाठी राखलेला नाही. ईयोब समजूत घालायला आलेल्या मित्रांना वैतागून म्हणतो की तुम्ही सगळे एलील वैद्य आहात. जखऱ्या कळप टाकून पळणाऱ्या मेंढपाळाला तोच शब्द लावतो. ज्याच्या भरवशावर रोगी पडून आहे आणि ज्याला औषध ठाऊक नाही तो वैद्य एलील; ज्याच्या भरवशावर मेंढरे आहेत आणि जो त्यांना टाकून जातो तो मेंढपाळ एलील. हिब्रू आक्षेप दगडाच्या दगडपणावर कमी आणि भरवशाच्या जागेवर जास्त आहे, हे या एका शब्दाने फार चांगले दिसते. दुष्काळी नगर जिल्ह्यात भरवसा कुणावर टाकावा हा प्रश्न पुस्तकी कधीच नव्हता.

एलोहीम या शब्दाची गंमत मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळते. हे रूप अनेकवचनी आहे, पण इस्राएलच्या देवासाठी वापरताना त्याचे क्रियापद एकवचनी येते. आपण ‘आजोबा आले’ म्हणतो तेव्हा माणूस एक असून क्रियापदाला बहुवचन देतो; हिब्रूने मान नामात घातला आणि क्रियापद एकेरी ठेवले. शिवाय हाच शब्द परक्या राष्ट्रांच्या देवांनाही लागतो, आणि एनदोरच्या बाईने जमिनीतून वर बोलावलेल्या शमुवेलाच्या छायेलाही. इंग्रजीत मोठे आणि लहान अक्षर वापरून खरा देव आणि खोटा देव छपाईतच वेगळे करता येतात. हिब्रूत मोठी अक्षरे नाहीत आणि देवनागरीतही नाहीत. ‘देव’ हा शब्द मराठी अनुवादकांनी एलोहीमसाठी घेतला, तेव्हा विठोबा, म्हसोबा आणि अब्राहामाचा देव एकाच अक्षरांत लिहिले गेले, आणि कोण खरा हे वाक्याने, कृतीने, इतिहासाने सांगावे लागले. हिब्रू वाचकाचीही स्थिती तीच होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापले तेव्हा परमेश्वर, वैकुंठ असे शब्द त्यांनी बिनधास्त वापरले. पंडिता रमाबाईंनी तीनशे वर्षांनी उलटी वाट धरली. केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून पूर्ण शास्त्र मराठीत आणले, आणि हिंदू दर्शनांचा वास असलेले संस्कृत शब्द शक्य तितके टाळले. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, प्रसिद्ध झाले. छपाईचे काम सदनातल्या स्त्रियांनीच केले. स्टीफन्सचा मार्ग मला जास्त फलदायी वाटतो, पण एका विदुषीने सत्तरी न गाठलेल्या आयुष्यात एकटीने एवढे काम उपसले, त्यापुढे मतभेद लहान आहे.

अडचण ‘कन्ना’ या शब्दाने केली. देव स्वतःला कन्ना म्हणवतो आणि म्हणून मूर्ती नको म्हणतो. मराठीत त्याला ‘ईर्ष्यावान’ केले. ईर्ष्या हा आपल्याकडे षड्रिपूंच्या नात्यातला दुर्गुण, सवतीमत्सराचा भाऊ. देवाला तो चिकटलेला पाहून हिंदू वाचक दचकतो, आणि ख्रिस्ती प्रवचनकार ओशाळतो. हिब्रूत हे विशेषण माणसाला लागतच नाही, फक्त देवाला लागते. त्याचा धातू नवराबायकोच्या नात्यातल्या हक्काचा आहे : ज्याने शब्द दिला आणि ज्याला शब्द दिला, त्यांच्यात तिसरा आल्यावर उठणारी आग. ज्याला तुमचे काहीच वाटत नाही, त्याला तुम्ही कुठे गेलात याचेही काही वाटणार नाही. हा देव उदासीन नाही, एवढेच तो शब्द सांगतो.

आता वादाच्या दुसऱ्या बाजूकडे. 1831 साली मुंबईत हिंदू पंडित मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला, मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने पुढच्या वर्षी उत्तर छापले. 1857च्या सुमारास विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्याआठवड्याला वाद घालत होते. या साऱ्या साहित्यात मिशनऱ्यांचे हुकमाचे पान म्हणजे यशयाचा 44वा अध्याय. एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, शेकतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्यापुढे पालथा पडतो. उपहास जबरदस्त आहे. पण हिंदू पंडित त्याला जे उत्तर देत होते, तेही कच्चे नव्हते : सुताराच्या कारखान्यातले लाकूड आणि प्रतिष्ठेनंतरची मूर्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मूर्ती पाण्यात ठेवायची, धान्यात ठेवायची, तिचे डोळे उघडायचे, मंत्रांनी तिच्यात प्राण आणायचे; आणि पार्थिव गणपतीसारखी असेल तर विसर्जन करून त्या मातीला पुन्हा माती होऊ द्यायचे. हे विसर्जन समजून न घेता मूर्तिपूजेवर लिहिलेले पुष्कळसे मिशनरी साहित्य आज निरुपयोगी झाले आहे.

यशयाच्या डोळ्यांसमोर बाबेलोन होते, आणि बाबेलोनलाही प्राणप्रतिष्ठा ठाऊक होती. मातीच्या पाट्यांवर कोरलेले तिचे विधी आज वाचता येतात. त्यांना मीस पी, म्हणजे मुख धुणे, म्हणत. मूर्ती नदीकाठच्या बागेत नेत. तिचे तोंड पुन्हापुन्हा धूत. ज्या कारागिरांनी ती घडवली त्यांचे हात बांधून झाऊच्या लाकडी सुरीने ते तोडल्याचे नाटक करत, आणि कारागीर शपथेवर सांगत की ही मी घडवली नाही. म्हणजे आपल्या हाताने घडलेल्या वस्तूला देव कसे म्हणावे, ही अडचण बाबेलोनच्या पुजाऱ्यांनाही टोचत होती. यशया तो विधी गाळून नेमकी सुताराची लाकडे तेवढी दाखवतो. वादात हे चालते. समजून घेण्यात चालत नाही.

आणि इथेच त्सेलेम येतो.

हा शब्द हिब्रू शास्त्रात 17 वेळा आहे. त्याचा साधा, रोजचा अर्थ घडवलेली मूर्ती, पुतळा. गणनेच्या 33व्या अध्यायात कनानमध्ये शिरताना तिथल्या ओतीव मूर्ती फोडायला सांगितले आहे. त्या मूर्ती म्हणजे त्सेलेम. यरुशलेमात बआलाचे देऊळ पाडले तेव्हा फोडल्या त्या त्सेलेम. पलिष्ट्यांच्या देशात गाठींची साथ आली, तेव्हा त्यांनी सोन्याचे पाच उंदीर आणि पाच गाठी घडवून इस्राएलच्या देवाला पाठवल्या, त्याही त्सेलेम. डोळे आले म्हणून देवीला चांदीचे डोळे आणि मूल झाले म्हणून चांदीचा पाळणा वाहणाऱ्या आपल्या आयाबायांना ही पलिष्टी रीत ओळखीची वाटेल. दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सराने साठ हात उंचीचा जो सोन्याचा पुतळा उभारला आणि ज्याच्यापुढे साऱ्यांना लोटांगण घालायला लावले, त्यालाही अरामी भाषेत हाच शब्द.

आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, सहाव्या दिवशी, देव माणूस निर्माण करतो तो आपल्या त्सेलेममध्ये. नर आणि नारी, दोघांनाही. नवव्या अध्यायात खुनाला बंदी होते, तिचे कारणही तेच : माणूस देवाचा त्सेलेम आहे.

मराठी शास्त्रात इथे ‘प्रतिरूप’ हा शब्द आहे. तो सुंदर आहे, भारदस्त आहे, आणि त्याने एक दार बंद केले आहे. कारण गणनेत मूर्ती, शमुवेलात प्रतिमा आणि उत्पत्तीत प्रतिरूप वाचणाऱ्या माणसाला कधीच कळत नाही की मूळ लेखकाने एकच शब्द ठेवला होता. त्याच्या ऐकणाऱ्यांना धक्का बसावा म्हणून ठेवला होता. मूर्ती नको, हे सांगणाऱ्या शास्त्राच्या पहिल्याच पानावर देव स्वतः एक मूर्ती घडवतो.

हे आजच्या भक्तीचे कल्पनारंजन नव्हे, याला दगडी पुरावा आहे. 1979 साली सिरियात तेल फखेरिये इथे एका राजाचा पुरुषभर उंचीचा पुतळा सापडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. अंगावर दोन भाषांत लेख आहे, अक्कदी आणि अरामी. अरामी लेख त्या पुतळ्याला दोन शब्दांनी संबोधतो, आणि ते दोन शब्द म्हणजे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली जोडी, त्सेलेम आणि देमूत, म्हणजे साम्य. राजा स्वतःचा पुतळा देवळात उभा करत असे, म्हणजे तिथे त्याची हजेरी राही. मेसोपोटेमियात राजालाच देवाची मूर्ती म्हणण्याचीही चाल होती. जिथे एकट्या राजाला मिळणारी पदवी होती, तिथे उत्पत्तीने ती कुंभाराला, मेंढपाळाला, दाई-मोलकरणीला, प्रत्येक आईच्या पोटच्या मुलाला देऊन टाकली. दुसऱ्या अध्यायात देव माती मळतो, घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि त्या माणसाला नद्यांच्या बागेत ठेवतो. कॅथरीन मॅक्डॉवेल या अभ्यासिकेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा क्रम बाबेलोनच्या आणि इजिप्तच्या मूर्तिविधींशेजारी ठेवून तपासला आहे. माती, बाग, नदी, श्वास. मराठी वाचकाला त्यासाठी एकच शब्द लागतो आणि तो त्याच्याकडे आहे : ही प्राणप्रतिष्ठा आहे. करणारा पुजारी नाही, देव आहे; आणि मूर्ती आपण आहोत.

शिवाय ‘मूर्ती’ हा मराठी शब्द या अर्थाला परका नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान असे आपण माणसाबद्दलच म्हणतो. शांतमूर्ती, करुणामूर्ती, ‘काय मूर्ती आहे बघा’ हेही माणसाबद्दल. देवघरातली मूर्ती आणि दारात उभी असलेली मूर्ती, दोन्ही एकाच शब्दात सांगण्याची सोय त्सेलेमप्रमाणे मराठीतही होती. अनुवादकांनी ती वापरली नाही, कारण त्यांच्या लेखी तो शब्द बाटलेला होता. कारण समजते. नुकसान फार झाले.

ते नुकसान नगर जिल्ह्याच्या गावांत मोजावे. मिशनकडे इथे जे लोक मोठ्या संख्येने आले ते महार आणि मांग. ते मूर्तिपूजेवरचा युक्तिवाद पटून आले असे म्हणणे म्हणजे त्यांच्या आयुष्याकडे पाठ फिरवणे आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांना आतली मूर्ती खरी की खोटी हा वाद कितीसा भिडणार? त्यांना भिडले ते शाळेत मिळालेली पाटी-पेन्सिल, 1876-77च्या दुष्काळात मिळालेला घास, आणि कुणीतरी नाव घेऊन मारलेली हाक. आत दगडाला दुधाने अंघोळ आणि बाहेर जिवंत माणसाच्या सावलीचा विटाळ, हे त्सेलेमच्या भाषेत बोलायचे तर माणसाने घडवलेल्या मूर्तीचा मान राखून देवाने घडवलेल्या मूर्तीला वेशीबाहेर टाकणे आहे. आमोसाच्या पाचव्या अध्यायात न्याय पाण्यासारखा वाहू द्या अशी हाक आणि हाताने घडवलेल्या त्सेलेमवरचा ठपका अवघ्या दोन वचनांच्या अंतरावर आहेत, तो काही योगायोग नव्हे. जोतिराव फुल्यांनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. पुढे देवासाठी त्यांनी ‘निर्मिक’ हा शब्द योजला, आणि त्या निर्मिकाने घडवलेल्या स्त्री-पुरुषांचे हक्क हाच आपल्या सत्यधर्माचा पाया केला. हिब्रू न शिकता ते त्या शब्दाच्या गाभ्याशी पोचले, असे मी मानतो.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची अनेक वर्षे ते नगरला राहिले. लक्ष्मीबाई सोवळे सांभाळत वेगळ्या राहिल्या, मग आल्या. ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचले तर दिसते की त्यांच्या मनातली पहिली भिंत पडली ती मूर्तीची नव्हे, जातीची. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि उत्तर मिळताच कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. नगर जिल्ह्याने या प्रश्नावर जे काही लिहिले आहे त्यात मला हे पान सर्वांत मोलाचे वाटते.

ज्या पुस्तकाच्या जोरावर हे झाले, ते हाती असलेल्या मंडळींनीही त्याचा अर्थ पुरता पाळला नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची पंगत वेगळी राहिली, सोयरीक तर आजही सहसा होत नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, तो अन्याय सांगताना चर्चने आपल्या आतल्या जातीबद्दलही बोलले पाहिजे. मूर्ती नसलेल्या मंदिरात माणसाचा अपमान होत असेल तर ते मंदिर मूर्तिविरहित नाही.

याच जिल्ह्यात ख्रिस्ती लोकांचे मूर्तीबद्दल एकमत नाही, हेही नोंदवायला हवे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मारियेच्या पुतळ्यापुढे मेणबत्त्या लागतात, नवस बोलले जातात, आणि येणाऱ्यांत हिंदू मोठ्या संख्येने असतात. प्रॉटेस्टंट शेजाऱ्याला हे खटकते. कॅथलिक परंपरा 787 सालच्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेचा हवाला देते : आराधना फक्त देवाची, प्रतिमेला केवळ आदर, आणि तो आदर प्रतिमेतून मूळ व्यक्तीकडे जातो. हा युक्तिवाद हिंदू पंडितांच्या उत्तराच्या किती जवळ आहे हे दोघांनाही सहसा सांगितले जात नाही. शास्त्रात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक, दोहोंना आधार आहे. कराराच्या कोशावर सोन्याचे करूब बसवायला देवानेच सांगितले. रानात साप चावले तेव्हा तांब्याचा साप घडवायलाही त्यानेच सांगितले. आणि तोच साप, पुढे लोक त्याला धूप जाळू लागले म्हणून, हिज्कीया राजाने फोडून टाकला. देवाच्या शब्दावरून घडलेली वस्तूसुद्धा एलील होऊ शकते.

मराठी बोलणारे एक लोक असे आहेत की ज्यांनी हा प्रश्न वादात न पडता जगून दाखवला. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचा घाणा चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, हिब्रू विसरले, पण शमा ही प्रार्थना विसरले नाहीत आणि घरात मूर्ती आणली नाही. जॉन विल्सनने 1832 साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. 1846 साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा ही पोथी मराठी अर्थासह मुंबईत निघाली. मलिदा करून एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, नवस फेडण्याची त्यांची रीत पूर्ण कोकणी आहे आणि तीत प्रतिमा नाही. शेजाऱ्याच्या देवाची टिंगल न करताही मूर्तीवाचून राहता येते, हे त्यांनी दाखवले.

आणि मूर्तीवरची टीका बाहेरून आली, हाही एक गैरसमज काढायला हवा. नेवाशात सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे देताना, घरात एक देव मांडून दुसऱ्याच्या यात्रेला धावणाऱ्या आणि वाराप्रमाणे देव बदलणाऱ्या माणसाची जी तपासणी केली आहे, ती कोणत्याही संदेष्ट्याला शोभेल. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत न बोलणारा दगडी देव आणि त्याला भुललेला भक्त या दोघांवरही आसूड आहे. त्याचमुळे नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगू शकले. संतांनीही मूर्तीवर आघात केला तो माणसाच्या बाजूने, आणि तरी चोखोबा पंढरीच्या दाराबाहेरच राहिले. 2016च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. तिथेही भांडण शिळेबद्दल नव्हते. तिच्याजवळ जाणारा माणूस पुरता माणूस आहे की नाही याबद्दल होते.

जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचे नाव आहे. जामखेडच्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या या स्त्रीने काशीपासून कितीतरी ठिकाणी पाडलेली देवळे उभी केली, आणि त्यांच्याच बरोबरीने घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, तहानलेल्यासाठी आणि वाटसरूसाठी. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात मूर्तीचा प्रश्न मूर्ती फोडून किंवा टिंगल करून सुटणार नाही, आणि तो सोडून देऊनही चालणार नाही.

माझे मागणे छोटे आहे. मराठी पवित्र शास्त्राची पुढची सुधारित आवृत्ती काढणाऱ्यांनी उत्पत्ती 1:27 खाली एक टीप द्यावी, की इथला मूळ शब्द आणि गणना 33:52 मधला ‘मूर्ती’चा मूळ शब्द एकच आहे. प्रवचनकारांनी ती टीप आवर्जून वाचून दाखवावी. आणि वाचकहो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, ही दोन वचने एकदा शेजारी ठेवून वाचा आणि मग गावच्या वेशीत, पाणवठ्यावर, पंगतीत कोण बाहेर उभे आहे ते बघा.